सरावाच्या काडतुसांसाठी दारूची निवड

अमेरिकेत राहून पिस्तूल-नेमबाजीचा अभ्यास नियमाने करणाऱ्या मनुष्यास, आठवड्याला शे-दीडशे बार काढण्याचा शिरस्ता एकदा पडला म्हणजे, अल्पकाळातच असे आढळून येते की या छंदातील मोठा खर्च पिस्तुलाचा नसून काडतुसांचा आहे, आणि काडतुसाच्या चार घटकांपैकी सर्वांत टिकाऊ असा जो पितळी पुंगळीचा घटक, तो तर प्रत्येक बारानंतर शाबूत स्थितीत पायाशी येऊन पडतो. ती पुंगळी उचलून घ्यावी, जळालेली टोपी काढून टाकावी, साच्यातून दाबून पुंगळी पूर्ववत मापावर आणावी, नवी टोपी बसवावी, आत मोजून दारू घालावी आणि वर नवी गोळी दाबून बसवावी, एवढा हा उद्योग. त्याला तिकडे रीलोडिंग म्हणतात व घरच्या गॅरेजमध्ये, एका मजबूत टेबलावर, तो अनेक लोक वर्षानुवर्षे निर्वेधपणे करीत असतात. पुंगळी, टोपी आणि गोळी यांच्या निवडीत नवख्याचा फारसा घोळ होत नाही, कारण त्यांची मापे ठरलेली असतात. परंतु दुकानातील फळीवर दारूच्या डब्यांची जी लांबच लांब ओळ मांडलेली असते, तिच्यापुढे उभे राहिल्यावर भल्याभल्यांची मती गुंग होते, आणि बहुधा शेजारच्या नेमबाजाने सुचविलेली किंवा त्या दिवशी स्वस्त मिळालेली डबी उचलून मनुष्य घरी येतो. ही निवड कोणत्या कसोटीवर करावी, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

कायद्याची बाब आधी उरकून घेतलेली बरी. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करण्यास मनाई आहे. आपल्याकडे हे काम १८६९ पासून खडकीच्या आणि पुढे भुसावळजवळील वरणगावच्या सरकारी कारखान्यांत चालत आले असून ते खाजगी टेबलावर मांडण्याची मुभा सामान्य नागरिकास नाही. तेव्हा महाराष्ट्रातील वाचकाने हा लेख केवळ माहितीसाठी वाचावा. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो, आणि राज्याराज्यांचे जाबते निरनिराळे असल्याने आपल्या राज्यातला कायदा प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावा. मराठी मंडळींनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसा यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या परकीय नागरिकास, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे थोडे अपवाद सोडल्यास, पिस्तूलच काय पण एक काडतूस जवळ बाळगणे हाही तेथील संघराज्याच्या कायद्याने गंभीर गुन्हा ठरतो. ग्रीन कार्ड हाती आलेले नसताना मित्राच्या गॅरेजमध्ये हौसेने भरलेली पेटी घरी घेऊन येणे किती महागात पडू शकते, हे सुशिक्षित माणसांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

तसेच .२२ चे काडतूस या विचारातून प्रारंभीच वगळावे. त्याच्या टोपीतले रसायन पुंगळीच्या तळाच्या कडेतच पसरलेले असते आणि आघाताने ती कड चेपून निकामी होते, म्हणून ते पुन्हा भरण्याच्या खटाटोपास कोणी लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक मिळविले, त्या प्रकारात हेच .२२ चे काडतूस चालते. ते विकतच घ्यावे लागते. आपला विषय आहे तो तळाच्या मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांचा, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, .३८० ऑटो, ९ मिलिमीटर आणि .३८ स्पेशल यांचा.

दारूच्या निवडीत जी खरी जोखीम आहे, तिचे मूळ शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या इतिहासात दडलेले आहे. १८९८ साली .३८ स्पेशलचे काडतूस निघाले तेव्हा ते सोरा, गंधक व कोळसा यांच्या काळ्या दारूसाठी आखलेले होते. सुमारे २१ ग्रेन (ग्रेन म्हणजे पौंडाचा ७,००० वा भाग) दारू त्या पुंगळीत जात असे, तिने पोकळी भरून जाई, आणि अधिक घालावयाची म्हटले तरी जागाच उरत नसे. तत्पूर्वी १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूम दारू सिद्ध केली होती, आणि ती जसजशी पिस्तुलांत आली तसतसे असे झाले की भार २१ ग्रेनांवरून तीन-चार ग्रेनांवर उतरला, परंतु पुंगळी मात्र होती त्याच मापाची राहिली. आज .३८ स्पेशलच्या सरावाच्या काडतुसात दारू तळाशी चिमूटभर पडलेली असते आणि वरची सगळी पोकळी रिकामी असते. त्या रिकाम्या जागेत दुप्पटच काय, तिप्पट भारदेखील सहज सामावतो, आणि भरणीच्या यंत्राचा दांडा ओढणाऱ्या हाताला त्याचा काहीही सुगावा लागत नाही. १८९६ च्या .३२ स्मिथ अँड वेसन लाँगचीही थोड्या फरकाने हीच कथा आहे. याच्या उलट, जॉर्ज लुगर यांनी १९०२ च्या सुमारास जे ९ मिलिमीटरचे काडतूस आखले, ते मुळातच निर्धूम दारूसाठी आखल्यामुळे त्याची पुंगळी आखूड आहे व तिच्यात अतिरेकाला वाव थोडा आहे.

हे ध्यानात आले म्हणजे, प्रस्तुत लेखकाच्या मते, निवडीची पहिली कसोटी आपोआप हाती येते: दारूचा वेग, तिची स्वच्छता, तिची किंमत या सर्वांच्या आधी हे पहावे की आपल्या हातून दुबार भरणा झाला असता तो डोळ्यांना दिसेल काय. दिवसभराचे काम आटोपून रात्री टेबलाशी बसणारा मनुष्य थकलेला असतो, मध्येच दूरध्वनी वाजतो, मूल हाक मारते, आणि आपण या पुंगळीत दारू घातली होती की नाही याचा क्षणभर विसर पडतो. अशा क्षणी ज्या दारूचा एक भार पुंगळीचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापतो, ती दारू दुसऱ्या भारास पुंगळीबाहेर सांडून देते व चूक तेथल्या तेथे उघडी पाडते.

या दृष्टीने दारूचे वजन आणि तिचे आकारमान यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे. अलायंट कंपनीची युनिक ही चपट्या चकत्यांची, फुगीर दारू. ९ मिलिमीटरच्या पुंगळीत तिचा दुप्पट भार मावतच नाही, तो कडेवरून सांडतो. हॉजडनची टाइटग्रुप तेवढ्याच कामासाठी कमी लागते आणि शिवाय ती भरीव व दाट असल्याने ९ मिलिमीटरमध्ये तिचा दुप्पट भार आत बसू शकतो, आणि .३८ स्पेशलमध्ये तर एकपट व दुप्पट यांतला फरक वरून डोकावणाऱ्याला बारकाईने पाहिल्याशिवाय कळत नाही. ही टाइटग्रुपची निंदा समजू नये. पुंगळीत दारू पुढे पडली आहे की मागे, याचा तिच्या ज्वलनावर परिणाम फार थोडा होतो आणि एका पौंडात तिचे बार पुष्कळ निघतात, म्हणून अनुभवी लोक तिला मान देतात. परंतु ज्याने अद्याप पहिली हजार काडतुसे भरलेली नाहीत त्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. ली कंपनीच्या पुस्तिकेत प्रत्येक दारूचे एका ग्रेनमागे आकारमान घनसेंटिमीटरांत दिलेला तक्ता असतो. डबी विकत घेण्यापूर्वी त्या आकड्यास नियोजित भाराने गुणावे व आलेला गुणाकार पुंगळीच्या घनफळाशी ताडून पहावा; हे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी कसोटी ज्वलनाच्या गतीची. दारू स्फोटकाप्रमाणे एकदम फुटत नाही, ती जळते; आणि जितका दाब चढतो तितकी ती अधिक वेगाने जळते. प्रत्येक दारूचा असा एक दाब असतो की ज्याच्याखाली ती नीट जळतच नाही. अमेरिकेतील शस्त्र-उत्पादकांच्या सामी या संस्थेने ठरविलेल्या कमाल मर्यादा पाहिल्या तर .३२ स्मिथ अँड वेसन लाँगसाठी दर चौरस इंचास १५,००० पौंड, .३८ स्पेशलसाठी १७,०००, .३८० ऑटोसाठी २१,५०० आणि ९ मिलिमीटरसाठी ३५,००० असे आकडे दिसतात, आणि सरावाचे काडतूस तर याहूनही सौम्य भरावयाचे असते. सौम्य दाबात मंद दारू घातली म्हणजे तिचे पिवळट कण अर्धेकच्चे राहून नळीत, यंत्रणेत आणि नेमबाजाच्या बाहीवर येऊन पडतात, वेग प्रत्येक बाराला बदलतो, आणि मग मनुष्य तक्रार करतो की ही दारू घाणेरडी आहे. दोष तिचा नसतो. कमी दाबाच्या कामावर तिला चुकीने नेमलेले असते. म्हणून सरावासाठी जलद दारूंकडे वळावे: अलायंटची बुल्सआय, हॉजडनची एचपी-३८, फिनलंडच्या विहतावुओरीची एन३१० किंवा एन३२०, या सर्व त्या वर्गातल्या. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ या दोन नावांच्या डब्यांत एकच दारू असते, हेही येथे सांगून ठेवतो, कारण एक मिळेनाशी झाली म्हणजे लोक दुसरी समोर असताना रिकाम्या हाताने परततात. ज्वलनगतीचे जे तक्ते छापलेले असतात ते केवळ क्रम दाखवितात, अंतर दाखवीत नाहीत. तक्त्यात शेजारी बसलेल्या दोन दारूंना एकच भार लावणे हा घातक अविचार आहे.

तिसरी कसोटी मापाची, आणि ती हाताने अनुभवल्यावाचून पटत नाही. भरणीच्या टेबलावर दारू प्रत्येक वेळी तोलून घातली जात नाही. वर नळकांड्यात दारू भरलेली असते, खाली एका फिरत्या लोखंडी दंडगोलात ठराविक आकाराची पोकळी असते, दांडा वर केला की पोकळी भरते व खाली केला की ती पुंगळीत रिती होते. म्हणजे यंत्र आकारमान मोजते आणि आपण वजनाची खात्री धरून चालतो. एचपी-३८ सारखी गोलाणू दारू खसखशीसारखी सळसळत खाली उतरते व तिचा भार फार तर ग्रेनाच्या दशांशाने मागेपुढे होतो. युनिकच्या मोठ्या चकत्या मात्र अधूनमधून पोकळीच्या तोंडाशी एकमेकींवर आडव्या अडकतात, दांड्याला किंचित करकर जाणवते, एका पुंगळीत भार कमी पडतो आणि अडकलेला उरलेला भाग पुढच्या पुंगळीत जादा जातो. करकर जाणवली की त्या दोन्ही पुंगळ्या रित्या करून पुन्हा भराव्या. पहिली दहा मापे डबीत परत टाकून द्यावी, कारण नळकांड्यातली दारू बसेपर्यंत माप स्थिर होत नाही. पुढे दर दहाव्या भाराचे वजन ताजव्यावर पहावे, आणि तो ताजवाही कामाच्या आरंभी ठराविक वजनाच्या तुकड्याने तपासून घ्यावा.

येथे पन्नास छिद्रांच्या लाकडी ठोकळ्याचा उपयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. नवख्याने स्वयंचलित, एका दांड्यात सर्व कामे करणाऱ्या यंत्राच्या मोहात न पडता एकेरी प्रेस घ्यावी, पन्नास पुंगळ्यांत दारू घालून त्या ठोकळ्यात उभ्या कराव्या, आणि एकही गोळी बसविण्यापूर्वी दिवा तिरपा धरून प्रत्येक पुंगळीच्या आत पहावे. तिरप्या उजेडात दारूचा पृष्ठभाग लख्ख दिसतो; एक पुंगळी ओळीतल्या इतरांहून उंच भरलेली असली तर डोळा तिच्यावर ठेचकाळतो, आणि एक रिकामी राहिली असली तर तळाचे टोपीकडील भोक काळे दिसते. रिकामी पुंगळी निरुपद्रवी असते असा समज कोणी करून घेऊ नये. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी निघते व नळीच्या मध्यात अडकते. फुसका आवाज होतो, हाताला धक्का जाणवत नाही, आणि त्या क्षणी थांबून नळी तपासण्याऐवजी नेमबाजाने दुसरा बार काढला तर अडलेल्या गोळीमागे दाब कोंडून नळी फुगते किंवा फाटते. रेंजवर फुसका बार ऐकू आला की शेजाऱ्यानेसुद्धा ओरडून थांबवावे, अशी तेथील जाणत्या लोकांची रीत आहे व ती अत्यंत योग्य आहे.

आता काडतुसांगणिक थोडे. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे २५ मीटर सेंटर-फायर स्पर्धांचे नाजूक काडतूस. त्यात सपाट तोंडाची, पुंगळीच्या कडेशी समतल बसणारी शिशाची वॉडकटर गोळी वापरतात आणि दारूचा भार अत्यल्प असतो. ग्रेनाच्या दशांशाचा फरकही येथे मोठा ठरतो, म्हणून एन३१० सारखी जलद व बिनचूक मोजली जाणारी दारूच घ्यावी, ती महाग असली तरी. .३८ स्पेशलच्या वॉडकटरसाठी बुल्सआयची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे व ती यथार्थ आहे. मात्र वर सांगितलेली रिकाम्या जागेची जोखीम तिच्यात पुरेपूर असल्याने ठोकळ्यातील तपासणी येथे कधीच चुकवू नये. ९ मिलिमीटरसाठी एचपी-३८ ने आरंभ करावा, असा माझा सल्ला आहे. ती सहज मोजली जाते, तिचा दुप्पट भार पुंगळीत गळ्यापर्यंत येतो व लपत नाही. या काडतुसाबाबत आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्या. पिस्तूल स्वयंभरणीचे असल्याने भार अतिसौम्य ठेवला तर पिस्तुलाचा वरचा सरकता भाग पुरता मागे जात नाही व पुंगळी अडकते, तेव्हा सौम्यतेलाही खालची मर्यादा आहे. आणि पुंगळी आखूड असल्यामुळे गोळी ठरल्यापेक्षा थोडीशीच खोल बसली तरी आतील जागा आक्रसून दाब भराभर चढतो, तेव्हा भाराइतकेच काडतुसाच्या एकूण लांबीकडे लक्ष द्यावे. जे स्पर्धेत उतरतात त्यांना यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी-संस्थेच्या मायनर वर्गासाठी १२५ चा गुणांक गाठावा लागतो. गोळीचे ग्रेनमधले वजन आणि फूट-प्रतिसेकंदातील वेग यांचा गुणाकार करून १,००० ने भागले की तो निघतो, म्हणजे १४७ ग्रेनच्या गोळीस ८६० फुटांचा वेग पुरतो. केवळ सरावासाठी ही अट कोणावर नाही. .३८० ऑटोची पुंगळी याहूनही चिमुकली. तिच्यासाठीही एचपी-३८ किंवा बुल्सआय चालते, पण भरण्यास ती किचकट आहे, तिच्यापासून या विद्येचा श्रीगणेशा करू नये.

बंदिस्त रेंजवर सराव करणाऱ्यांनी शिशाचा विचार अवश्य करावा. उघड्या शिशाच्या गोळीचा तळ दारूच्या ज्वालेने पोळतो, त्यातून धूर निघतो आणि तो श्वासावाटे शरीरात जातो. नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण अधिक असलेल्या उष्ण दारूत हा धूर वाढतो. तांब्याचा मुलामा दिलेली गोळी आणि केवळ नायट्रोसेल्युलोजची एन३२० सारखी दारू हा जोड त्यावर उत्तम. टोप्यांतही बहुधा शिशाचे संयुग असते, म्हणून भरणी आटोपल्यावर व रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याखेरीज अन्नास शिवू नये.

या लेखात प्रत्यक्ष भाराचे कोष्टक दिलेले नाही, ते जाणूनबुजून. भार हा दारू, गोळीचे वजन व घडण, काडतुसाची लांबी आणि टोपी या सर्वांवर मिळून ठरतो, आणि तो दारू-उत्पादकाने किंवा लायमन, हॉर्नडी, स्पीअर यांच्यासारख्या कंपन्यांनी प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या पुस्तिकेतूनच घ्यावा. मित्राच्या वहीतून, कितीही विश्वासू मित्र असला तरी, घेऊ नये. पुस्तिकेत आरंभीचा भार दिलेला असेल तर तेथून, आणि केवळ कमाल भार दिला असेल तर सामान्यतः त्याच्या दहा टक्के खालून प्रारंभ करावा.

साठवणुकीविषयी लोक नको तितके भितात किंवा मुळीच भीत नाहीत. निर्धूम दारू मूळ डब्यातच, थंड व कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. अमेरिकेतील अग्निसंरक्षण संस्थेच्या ४९५ क्रमांकाच्या संहितेप्रमाणे राहत्या घरात मूळ डब्यांतून २० पौंडांपर्यंत ठेवण्यास हरकत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबी उघडी असावी आणि काम संपताच नळकांड्यातली दारू त्याच डबीत परत जावी, कारण नळकांड्यात रात्रभर राहिलेली दारू कोणती, हे सकाळी कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि दोन दारूंचे मिश्रण झाल्यावर ते टाकून देण्यापलीकडे उपाय नसतो. डबी उघडल्यावर ईथर-अल्कोहोलचा किंचित गोडसर वास आला तर दारू सुस्थितीत आहे असे समजावे. नाकाला झोंबणारा आंबट वास आला, तांबूस वाफ किंवा गंजासारखी लालसर भुकटी दिसली, तर आतील नायट्रोसेल्युलोज कुजू लागले आहे, आणि ती डबी घरात एक रात्रही न ठेवता स्थानिक अग्निशमन दलाच्या सल्ल्याने नष्ट करावी.

प्रथम खरेदी एका पौंडाचीच करावी. पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे साडेतीन ग्रेनांच्या भाराने २,००० काडतुसे होतात, आणि दारू आपल्या पिस्तुलास, हाताला व मापयंत्राला मानवते की नाही याचा निर्णय तेवढ्यात निश्चित होतो. मानवली तर आठ पौंडांचा मोठा डबा घ्यावा, त्यात काटकसर आहे. पण डब्यावरचा लॉट क्रमांक नोंदवहीत उतरून घ्यावा, आणि पुढचा डबा निराळ्या लॉटचा निघाला तर नाव तेच असले तरी भार थोडा खाली आणून, पाच-दहा काडतुसे रेंजवर तपासून, मगच पूर्वीच्या आकड्यावर यावे.